सत्यमचा ‘एच’ कॉलम: खोटी विक्री ताळेबंदात कुठे लपते?

बिझनेस केस स्टडी म्हटलं की सगळे जाहिरातीच्या आणि फाउंडरच्या गोष्टी सांगतात, आकडे कोणी उघडून दाखवत नाही, अशी तक्रार तुमच्यापैकी बऱ्याच जणांची होती. मान्य. आज फक्त आकडे. ऐकताना बसमध्ये हे गणित डोक्यावरून जाऊ शकतं, म्हणून ते इथे नीट लिहून देतोय. माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय ना’ काढून टाकलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

केस आहे सत्यम कॉम्प्युटर्स. नाव सगळ्यांनी ऐकलंय, वेब सिरीजमुळे तर घराघरांत पोचलंय. पण मी या केसकडे वळलो त्याचं कारण वेगळं. मी कोड लिहून पोट भरतो, आणि या घोटाळ्याच्या मुळाशी एक डेटाबेस फील्ड आहे हे वाचल्यावर मला झोप येईना. इन्व्हॉइस सिस्टीममध्ये प्रत्येक बिलापुढे एक अक्षर असायचं. ‘एस’ म्हणजे शो, ‘एच’ म्हणजे हाइड. बस, इतकंच. एक कॅरेक्टर. तिथे पोचूच, पण आधी पार्श्वभूमी.

१९८७ साली हैदराबादेत सुरू झालेली ही कंपनी २००८ पर्यंत देशातल्या पहिल्या चार-पाच आयटी कंपन्यांत गणली जायची. पन्नास हजारांवर माणसं, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही लिस्टिंग. सप्टेंबर २००८ मध्ये चांगल्या कॉर्पोरेट कारभारासाठी गोल्डन पिकॉक पुरस्कारसुद्धा मिळाला होता. (हो, खरंच.) आणि ७ जानेवारी २००९ च्या सकाळी चेअरमन रामलिंग राजू यांनी बोर्डाला पत्र लिहून सांगितलं की आमचे हिशेब खोटे आहेत. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी ४० च्या खाली बंद झाला. मी तेव्हा शाळेत होतो. मला फक्त आठवतं की टीव्हीवर तीच बातमी होती आणि घरातली मोठी माणसं क्रिकेट लावू देत नव्हती.

त्या पत्रातले आकडे आजही अभ्यासाला सोन्यासारखे आहेत. कबुलीतलेच आकडे आहेत, पुढे तपासात तपशिलांत भर पडत गेली, पण शिकायला हे पुरेसे. सप्टेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीसाठी कंपनीने विक्री दाखवली २,७०० कोटी. खरी विक्री होती २,११२ कोटी. ऑपरेटिंग नफा दाखवला ६४९ कोटी, म्हणजे विक्रीच्या २४ टक्के. खरा होता ६१ कोटी, म्हणजे जेमतेम ३ टक्के.

आता इथे थांबा आणि दोन वजाबाक्या करा. २,७०० वजा २,११२ किती? ५८८. आणि ६४९ वजा ६१? तेही ५८८. हा योगायोग नाही. सगळी केस या एका आकड्यात आहे.

समजायला एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा कोथरूडमध्ये एक मावशी डबे देतात. महिन्याला ६० गिऱ्हाईकं, प्रत्येकी ३,००० रुपये. विक्री झाली १,८०,०००. किराणा, गॅस, भाजी, मदतीला येणाऱ्या ताई असा खर्च १,५०,०००. उरले ३०,०००. आता मावशींना बँकेकडून कर्ज हवंय आणि धंदा मोठा दाखवायचाय. त्या वहीत २० खोटी गिऱ्हाईकं लिहितात. विक्री झाली २,४०,०००. खर्च? तेवढाच, दीड लाख! कारण जो डबा भरलाच नाही त्याला ना डाळ लागली ना गॅस. नफा झाला ९०,०००. विक्री एक तृतीयांशाने फुगली, पण नफा थेट तिप्पट.

खोट्या विक्रीला खर्च नसतो, म्हणून ती पूर्णच्या पूर्ण नफ्यात उतरते. सत्यममध्ये विक्री साधारण २८ टक्क्यांनी फुगवली होती आणि नफा दहा पटींहून जास्त झाला. आयटीवाल्यांसाठी तर हे आणखी सोपं. आपला मुख्य खर्च म्हणजे पगार, आणि पगार तर खऱ्याच माणसांना द्यावा लागतो. त्यामुळे खर्चाची बाजू खरी, विक्रीची बाजू फुगवलेली, आणि मार्जिन येतं २४ टक्के, जे मोठ्या आयटी कंपन्यांच्या रांगेत कोणालाच खटकत नाही. मला यातली हुशारी (वाईट अर्थाने) इथे दिसते. ४० टक्के दाखवलं असतं तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. त्यांनी चारचौघांसारखं दिसायचं ठरवलं.

पण हिशेबाचा एक जुना नियम आहे, जो आपल्या आजोबांच्या किर्दीपासून आजच्या ईआरपीपर्यंत बदललेला नाही. प्रत्येक नोंदीला दोन बाजू. विक्री लिहिली तर त्याचे पैसे कुठेतरी दिसायला हवेत. एक तर ते हातात किंवा बँकेत आले, नाहीतर गिऱ्हाईकाकडून येणं आहे. मावशींनी २० खोटी गिऱ्हाईकं लिहिली की महिन्याला ६०,००० रुपये ‘येणं बाकी’ म्हणून साचत जाणार. सहा महिन्यांत झाले ३,६०,०००. बँकेचा साहेब विचारणारच, मावशी, हे लोक पैसे का देत नाहीत?

म्हणूनच विक्रीचं विश्लेषण शिकवताना पहिला चेक शिकवतात तो उधारीच्या दिवसांचा. विक्री झाल्यापासून पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात? सूत्र साधं आहे. येणं भागिले विक्री, गुणिले दिवस. खोटी विक्री असेल तर हा आकडा तिमाहीगणिक लांबत जातो. मीही हेच शिकलो होतो, आणि मोठ्या उत्साहाने सत्यमला लावून बघितलं.

ताळेबंदात येणं होतं २,६५१ कोटी. त्याला २,७०० ने भागून ९० ने गुणलं तर आले साधारण ८८ दिवस. बरं. आता खरे आकडे घेऊ. पत्रानुसार येण्यातले ४९० कोटी खोटे, म्हणजे खरं येणं २,१६१ कोटी. खरी विक्री २,११२. उत्तर आलं ९२ दिवस.

परत वाचा. खोट्या हिशेबातले उधारीचे दिवस खऱ्यापेक्षा *चांगले* होते! पुस्तकातला सगळ्यात प्रसिद्ध चेक इथे साफ फसतो. मी दोनदा कॅल्क्युलेटर मारला.

कारण त्यांनी खोटं येणं साचू दिलंच नाही. काही महिन्यांनी खोट्या गिऱ्हाईकाने खोटे पैसे ‘दिले’ असं दाखवलं आणि ती रक्कम येण्यातून उचलून बँकेत ठेवली. अर्थात कागदावरच्या बँकेत. म्हणून पत्रातला सगळ्यात मोठा आकडा उधारीचा नाहीये, रोकडीचा आहे. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक दाखवली होती ५,३६१ कोटी. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. शिवाय त्या नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटींचं ‘येणं असलेलं व्याज’ही दाखवलं होतं. आणि कंपनी चालवायला राजूंनी बाहेरून उभे केलेले १,२३० कोटी रुपये देणं म्हणून कुठेच दाखवले नव्हते. आठवतंय ते ५८८? पत्रात स्पष्ट लिहिलंय की त्या एका तिमाहीत रोकड नेमकी तेवढ्यानेच फुगली. विक्री, नफा, रोकड, तिन्हीकडे तोच आकडा.

आता त्या ५,३६१ मधून ५,०४० वजा करा. उरले ३२१ कोटी. तिमाहीचा खरा खर्च २,११२ वजा ६१, म्हणजे २,०५१ कोटी, म्हणजे महिन्याला ६८४ च्या आसपास. ३२१ कोटी किती दिवस पुरणार? चौदा. ज्या कंपनीच्या ताळेबंदात पाच हजार कोटींवर रोकड दिसत होती, तिच्याकडे सप्टेंबरअखेर पंधरा दिवसांचा खर्चही नव्हता. पन्नास हजार घरांचे ईएमआय त्या चौदा दिवसांवर उभे होते आणि त्या घरांना याचा पत्ता नव्हता.

आता येऊ माझ्या आवडत्या भागाकडे. हे केलं कसं?

सर्व्हिस कंपनीत बिल कसं तयार होतं ते आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. आधी प्रोजेक्ट कोड तयार होतो. मग तुम्ही-आम्ही शुक्रवारी संध्याकाळी तोंड वाकडं करून टाइमशीट भरतो. त्या तासांवरून बिलाचा मसुदा बनतो, मॅनेजर मंजूर करतो, आणि शेवटी इन्व्हॉइस निघतं. सत्यममध्येही अशीच साखळी होती आणि तिच्या टोकाला होती इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम. तपासात दिसलं की खोटी इन्व्हॉइसेस ही साखळी सोडून थेट शेवटच्या टोकाला घातली जात होती. एक्सेलमधून डेटा उचलायचा, सिस्टीममध्ये टाकायचा. ना प्रोजेक्टचे तास, ना बिलाचा मसुदा. आणि त्यांच्यापुढे ‘एच’ लावायचा. एका ‘सुपर युझर’ लॉगिनमधून ती लपवली जायची, कंपनीतल्या इतर विभागांना दिसायची नाहीत.

लपवायची गरज का पडली? विचार करा, प्रोजेक्ट मॅनेजरला आपल्या क्लायंटच्या नावावर न ओळखीचं बिल दिसलं तर तो काय करेल? पैसे आले का म्हणून मेल टाकेल. क्लायंट म्हणेल, कसलं बिल? सगळं तिथेच उघडं पडलं असतं. म्हणजे बिल फायनान्सच्या एकूण बेरजेत दिसायला हवं पण ज्याने काम केलं त्याला दिसता कामा नये. ‘एच’ आणि ‘एस’ने नेमकं तेच साधलं.

एप्रिल २००३ ते डिसेंबर २००८ या काळात सिस्टीममध्ये साधारण ७५ हजार इन्व्हॉइसेस होती. त्यातली ७,५६१ ‘एच’ची निघाली. दर दहात एक! रक्कम ५,१०० कोटींच्या वर, म्हणजे सरासरी एका बिलाला ६७-६८ लाख. बहुतेक बिलं खऱ्या क्लायंट्सच्या नावावर, आणि सात गिऱ्हाईकं तर जगात कुठे नव्हतीच.

ज्यांनी कधी प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावलाय त्यांना हे वाचून पोटात गोळा येईल. कारण हे सापडायला फॉरेन्सिक तज्ज्ञ लागत नाही. इन्व्हॉइस टेबल घ्या, टाइमशीटच्या टेबलशी जोडा, आणि विचारा की कोणत्या बिलाला मागे तासच नाहीत? एक जॉइन, एक शर्त. पाच ओळींची क्वेरी. पण ती चालवायचा अधिकार ज्यांना होता त्यांनाच उत्तर माहीत होतं. बाकीच्यांनी विचारलंच नाही.

‘मग ऑडिटर काय करत होते?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. बँकेतली शिल्लक तपासणं हे ऑडिटमधलं सगळ्यात सोपं काम मानतात. ऑडिटरने स्वतः बँकेला पत्र लिहायचं, बँकेने उत्तर थेट ऑडिटरला पाठवायचं. कंपनी मध्ये येता कामा नये. सत्यमचे ऑडिटर होते प्राइस वॉटरहाउस. अमेरिकेच्या एसईसीने २०११ मध्ये केलेल्या कारवाईत नोंदवलं की बँकेला पत्र पाठवणं आणि उत्तर मिळवणं हे दोन्ही त्यांनी पूर्णपणे सत्यमच्याच हाती सोडलं होतं. म्हणजे ज्याची परीक्षा त्यानेच पेपर तपासून आणायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं व्हॅलिडेशन फ्रंटएंडवर. सर्व्हरला कोणी विचारायलाच गेलं नाही. फ्रंटएंडने सांगितलं ‘ठेवी आहेत’, यांनी लिहिलं ‘ठेवी आहेत’. बँकेची स्टेटमेंट्सही बनावट होती आणि ठेवींच्या पावत्याही.

बरं, हे थांबवता का आलं नाही? राजूंनी पत्रात म्हटलंय की सुरुवात छोट्या फरकापासून झाली आणि वाढत गेली. वाघावर बसलो, आता उतरायचं कसं, अशा अर्थाची त्यांची ओळ तेव्हा पेपरांत सगळीकडे होती. हिशेबाच्या भाषेत याचं कारण रुक्ष आहे. या वर्षी ५०० कोटींची खोटी विक्री केलीत तर पुढच्या वर्षी वाढ दाखवायला ५०० च्या *वर* खोटं लागतं, कारण तुलना फुगलेल्या आकड्याशी होणार. शिवाय ताळेबंद कधी शून्यावर येत नाही. नफा-तोटा पत्रक दर १ एप्रिलला पाटी कोरी करतं, ताळेबंद मात्र सगळी पापं पुढे ओढत नेतो. म्हणून खोटी रोकड वाढतच गेली.

ती बाहेर काढायचा एकच मार्ग होता: खोट्या रोकडीने काहीतरी खरं विकत घ्यायचं. १६ डिसेंबर २००८ ला बोर्डाने जाहीर केलं की कंपनी मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या १६० कोटी डॉलर्सना घेणार. दोन्ही राजू कुटुंबाच्या. (इंग्रजीत सत्यमची अक्षरं उलटी लावून बघा.) सॉफ्टवेअर कंपनीला जमिनी कशाला? शेअरहोल्डर्स भडकले आणि काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. हिशेबाने बघितलं तर तो सौदा अगदी ‘तर्कशुद्ध’ होता. वहीतली ‘रोकड’ ही नोंद जाणार आणि जागी ‘जमीन’ येणार, जी हात लावून दाखवता येते. विकणारे घरचेच, त्यामुळे पैसे आज नाही मिळाले तरी ओरडणार कोण? खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणायचा तो शेवटचा प्रयत्न होता, हे पत्रातच कबूल केलंय.

आणि एक खूण तर उघड्यावर पडलेली होती. २००१ च्या सुमारास प्रवर्तकांकडे पाव हिस्सा होता. २००८ पर्यंत तो नऊ टक्क्यांच्या खाली आला. कंपनी दर तिमाहीला उत्तम चाललीय असं जगाला सांगणारी माणसं स्वतः मात्र हिस्सा कमी करत होती. ही माहिती गुप्त नव्हती, दर तिमाहीला एक्स्चेंजवर जाहीर होत होती.

पुढचं थोडक्यात. सरकारने बोर्ड बरखास्त केलं, दीपक पारेख, किरण कर्णिक अशी मंडळी आली, आणि त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न पगाराचा होता. एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये प्रतिशेअर या भावाने बोली जिंकली आणि २०१३ मध्ये कंपनी तिच्यात विलीन झाली. हिंजवडीत आज जे टेक महिंद्रात आहेत त्यांच्यातल्या काही सीनियर लोकांचा पहिला एम्प्लॉयी आयडी सत्यमचा असेल, चहावर विचारून बघा. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. अपील झालं आणि महिन्याभरात ते जामिनावर बाहेर आले. २०१३ च्या कंपनी कायद्यात लिस्टेड कंपन्यांना ऑडिट फर्म जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदलणं सक्तीचं झालं, त्यामागे हा अनुभव होता.

आता तुमचा ठरलेला प्रश्न: ‘दादा, आम्ही नक्की काय बघायचं?’ तुमच्यातल्या काहींना ऑफर लेटरमध्ये ईएसओपी मिळालेत, काहींनी टिप ऐकून शेअर घेतलेत, म्हणून सांगतो. मी सीए नाही, हा सल्ला नाही, माझी सवय आहे.

मी वार्षिक अहवालात आधी रोकड बघतो आणि तिच्यावर मिळालेलं व्याज बघतो. शंभर कोटींच्या ठेवींवर दोन कोटी व्याज असेल तर एक तर ठेवी वर्षभर नव्हत्या किंवा काहीतरी गडबड आहे. व्याज मिळालं असं लिहिलंय पण ते ‘येणं’मध्येच पडून असेल तरी कान टवकारतो. सत्यमचे ३७६ कोटी हे ५,०४० च्या साडेसात टक्के होतात, म्हणजे जवळपास वर्षभराचं एफडीचं व्याज नुसतं येणंच होतं. मग बघतो की एवढी रोकड असताना कंपनी कर्ज का घेतेय, किंवा लाभांश देताना हात आखडता का घेतेय. त्यानंतर प्रवर्तकांचा हिस्सा आणि त्यातला गहाण किती. गहाण शेअर्सची माहिती जाहीर करणं सेबीने २००९ च्या सुरुवातीला सक्तीचं केलं, सत्यमनंतर काही दिवसांतच. आज ती एक्स्चेंजच्या साइटवर फुकट दिसते. उधारीचे दिवस मी सगळ्यात शेवटी काढतो. का ते तुम्ही वर बघितलंच.

आणि जे बिलिंग सिस्टीम्सवर काम करतात त्यांच्यासाठी एक. तुमच्या कोडमध्ये इन्व्हॉइस लपवायचा फ्लॅग असेलच. टेस्ट डेटा, रद्द झालेली बिलं, कारणं चांगली असतात. फक्त एवढं बघा की तो फ्लॅग लावलेल्या बिलाची रक्कम महिन्याच्या एकूण विक्रीत धरली जाते की नाही. मी परवा आमच्या सिस्टीममध्ये बघितलं. नाही धरली जात. पण ते शोधायला मला अर्धा दिवस लागला, कारण कोणी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. आता लिहून ठेवलंय, आणि एक टेस्टही जोडलीय.